हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्यांचा माग क्ष-किरणांतून कसा काढतात?

आकाशात पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा १६ पट रुंद असा एक तप्त वायूचा फुगा आहे. तो आपल्यापासून साधारण ९५० प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे खगोलशास्त्राच्या हिशेबात अगदी शेजारी. तरीही डोळ्यांना तो दिसत नाही. क्ष-किरण पाहू शकणारी दुर्बीण अवकाशात नेली की मात्र तिथे एक भलं मोठं, तेजस्वी वर्तुळ दिसतं.

या फुग्याचं नाव आहे वेला सुपरनोव्हा अवशेष. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी तिथे एका मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला. पृथ्वीवर तेव्हा शेती नुकती सुरू होत होती. स्फोटाची कुठेही लेखी नोंद नाही, कारण लिपीच नव्हती. पण वायू अजून गरम आहे आणि त्याच्या क्ष-किरणांत बरीच माहिती शिल्लक आहे. स्फोट कधी झाला, तारा केवढा होता, त्याच्या पोटात काय होतं, याची उत्तरं तिथून मिळतात. ती कशी मिळवतात आणि ती मिळवणं इतकं अवघड का आहे, हे या लेखात समजून घेऊ.

सुपरनोव्हाचा अवशेष म्हणजे काय?

सूर्यापेक्षा साधारण आठपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो आणि बाहेरचे थर अवकाशात फेकले जातात. याला सुपरनोव्हा म्हणतात. मराठीत अतिनवतारा असाही शब्द आहे. दुसऱ्या प्रकारात श्वेतबटू नावाचा मृत तारा जोडीदार ताऱ्यामुळे पेट घेतो आणि पूर्ण उद्ध्वस्त होतो.

दोन्ही प्रकारांत बाहेर फेकलेल्या पदार्थाची ऊर्जा सारखीच प्रचंड असते. सूर्य आपल्या सुमारे १० अब्ज वर्षांच्या आयुष्यात जितकी ऊर्जा प्रकाशरूपाने देईल, जवळजवळ तितकी ऊर्जा या पदार्थाच्या गतीत असते. सुरुवातीचा वेग सेकंदाला १० हजार किलोमीटरच्या आसपास असतो.

ताऱ्यांमधली जागा पूर्ण रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ वायू असतो. फेकलेला पदार्थ या वायूवर आदळतो आणि एक आघात तरंग पुढे सरकू लागतो. तरंग ज्या वायूवरून जातो तो वायू दाबला जातो आणि लाखो अंशांपर्यंत तापतो. ताऱ्याचा फेकलेला माल आणि वाटेत गोळा झालेला वायू मिळून जे कवच तयार होतं, त्याला सुपरनोव्हाचा अवशेष म्हणतात.

स्फोटाचा झगमगाट काही महिन्यांत ओसरतो, पण अवशेष हजारो वर्षं टिकतो. आधी तो जवळजवळ न अडखळता पसरतो. मग गोळा केलेल्या वायूचं ओझं वाढून त्याचा वेग मंदावतो. काही दशसहस्र वर्षांनी कवच थंड होऊ लागतं आणि शेवटी तो आसपासच्या वायूत मिसळून जातो.

'जुना' आणि 'जवळचा' म्हणजे नेमकं किती?

या लेखात 'जुना' म्हणजे साधारण १० हजार वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचा अवशेष. 'जवळचा' म्हणजे दोन-अडीच हजार प्रकाशवर्षांच्या आतला. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, हे लक्षात घेतलं तर हा आपला परिसरच म्हणावा लागेल.

अशा अवशेषांची चार उदाहरणं पाहा:

- वेला: वय सुमारे ११ हजार वर्षं, अंतर साधारण ९५० प्रकाशवर्षं, आकाशातली रुंदी सुमारे ८ अंश.
- सिग्नस लूप (हंस तारकासमूहात): वय सुमारे १० ते २० हजार वर्षं, अंतर साधारण २,४०० प्रकाशवर्षं, रुंदी सुमारे ३ अंश.
- होइंगा: वय साधारण १७ ते २१ हजार वर्षं, रुंदी ४.४ अंश. हा २०२१ मध्ये जाहीर झाला.
- मोनोजेम वलय (मिथुन आणि एकशृंगी या तारकासमूहांच्या परिसरात): वय अनेक दशसहस्र वर्षं, अंतर साधारण एक हजार प्रकाशवर्षं, रुंदी तब्बल २५ अंशांच्या आसपास.

पूर्ण चंद्राची रुंदी फक्त अर्धा अंश असते. त्यावरून या आकारांचा अंदाज येईल.

यासाठी क्ष-किरणच का लागतात?

वस्तू जितकी गरम, तितकी तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त. लोखंड तापून लाल होतं, सूर्याचा सुमारे साडेपाच हजार अंशांचा पृष्ठभाग पांढरा दिसतो, आणि १० ते ३० लाख अंशांचा वायू मुख्यतः क्ष-किरणांत चमकतो. जुन्या अवशेषातला बहुतेक तप्त वायू याच तापमानाचा असतो.

अवशेषाचा काही भाग साध्या दुर्बिणीतही दिसतो. सिग्नस लूपचे झिरमिरीत धागे विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्ये पाहिले होते. आज त्यांना व्हेल तेजोमेघ म्हणतात. पण हे धागे म्हणजे तरंग दाट वायूला धडकून थंड होत असलेल्या जागा. घराची बाहेरची भिंत पाहून आतली खोली कळत नाही, तसंच इथे होतं. आतला तप्त वायू पाहायचा तर क्ष-किरणच लागतात.

अडचण अशी की पृथ्वीचं वातावरण क्ष-किरण शोषून घेतं. आपल्या आरोग्यासाठी ते चांगलंच आहे, पण त्यामुळे जमिनीवरच्या दुर्बिणीला हे आकाश दिसत नाही. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतून सोडलेल्या रॉकेटवरच्या उपकरणाला सूर्यमालेबाहेरच्या क्ष-किरण स्रोताचा पहिला पुरावा मिळाला. या क्षेत्रातल्या कामासाठी जियाकोनी यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. १९७०च्या सुमारास रॉकेटवरच्या उपकरणांनी सिग्नस लूपचे क्ष-किरणही टिपले.

क्ष-किरणांची दुर्बीणही वेगळी असते. साध्या आरशावर समोरून पडलेले क्ष-किरण परत फिरत नाहीत, ते आत शिरतात किंवा शोषले जातात. पण पाण्यावर तिरका फेकलेला चपटा दगड जसा उसळी मारून पुढे जातो, तसे अगदी तिरके आलेले क्ष-किरण आरशाला घासून वळतात. म्हणून या दुर्बिणींचे आरसे एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे असतात.

तापमानावरून वय कसं काढतात?

आघात तरंगाचा वेग आणि त्याच्या मागे राहिलेल्या वायूचं तापमान यांचं नातं ठरलेलं आहे. वेग दुप्पट झाला तर तापमान चौपट होतं. तरंग सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने जात असेल तर मागचा वायू सुमारे १ कोटी ४० लाख अंशांपर्यंत तापतो. वेग ४०० किलोमीटर असेल तर सुमारे २२ लाख अंश. वेग २०० वर आला की जेमतेम साडेपाच लाख अंश, आणि मग क्ष-किरण जवळजवळ दिसेनासे होतात.

म्हणजे क्ष-किरणांवरून तापमान मोजलं की वेग कळतो. वेग आणि आकार कळला की वय काढता येतं.

सिग्नस लूपचाच हिशेब करून पाहू. तो साधारण २,४०० प्रकाशवर्षं दूर आहे आणि आकाशात सुमारे ३ अंश रुंद दिसतो. यावरून त्याची त्रिज्या साधारण ६२ प्रकाशवर्षं येते. कवचातला वायू सुमारे २२ लाख अंशांचा आहे, म्हणजे तरंगाचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटर. हा वेग प्रकाशाच्या वेगाचा साधारण ७५०वा भाग आहे. या वेगाने ६२ प्रकाशवर्षं जायला साडेसेहेचाळीस हजार वर्षं लागतील.

पण तरंग सुरुवातीपासून इतका मंद नव्हता. आधी तो खूप वेगात होता, त्यामुळे खरं वय याहून कमी असणार. स्फोट कसा मंदावतो याचं गणित विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनच्या जी. आय. टेलर आणि सोव्हिएत संघाच्या एल. आय. सेडोव्ह यांनी वेगवेगळं मांडलं होतं. त्यांचा विषय होता अणुबॉम्बचा स्फोट. तेच गणित ताऱ्यांनाही लागू पडतं आणि सांगतं की वरच्या आकड्याचा दोन पंचमांश घ्या. उत्तर येतं साधारण १८,६०० वर्षं.

हे एक ढोबळ उत्तर आहे. सिग्नस लूपचा तारा फुटण्यापूर्वी त्याच्या वाऱ्याने आजूबाजूला एक पोकळी तयार केली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तसं असेल तर तरंग बराच काळ मोकळ्या जागेतून धावला आणि मग पोकळीच्या भिंतीवर आदळला, म्हणजे वय आणखी कमी ठरतं. त्याचं वय १० ते २० हजार वर्षं असं सैल दिलं जातं ते यामुळेच.

वायूत कोणती मूलद्रव्यं आहेत हे कसं कळतं?

तापलेल्या वायूतला प्रत्येक अणू ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतो. वर्णपटात त्या जागी एक टोकदार शिखर दिसतं. बरेच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचं शिखर ०.५७ आणि ०.६५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येतं, निऑनचं ०.९ च्या आसपास, मॅग्नेशियमचं सुमारे १.३५ आणि सिलिकॉनचं सुमारे १.८६ ला. बोटांच्या ठशांसारखी ही शिखरं जुळवली की वायूत काय आणि किती आहे ते कळतं.

मोठ्या ताऱ्याच्या आत मूलद्रव्यांचे कांद्यासारखे पापुद्रे असतात. बाहेर हायड्रोजन, मग हेलियम, त्याच्या आत ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम, आणखी आत सिलिकॉन, आणि गाभ्यात लोह. सिग्नस लूपच्या आरपार क्ष-किरण दुर्बिणींनी एकेक पट्टा पाहिला तेव्हा मधोमध सिलिकॉन, गंधक आणि लोह जास्त, तर बाहेरच्या बाजूला ऑक्सिजन, निऑन आणि मॅग्नेशियम जास्त असं चित्र दिसलं. हजारो वर्षं उलटूनही ताऱ्याचे पापुद्रे ओळखू येण्याइतके शिल्लक आहेत. त्यांच्या प्रमाणावरून मूळ तारा सूर्याच्या साधारण १० ते २० पट वस्तुमानाचा असावा असा अंदाज बांधला जातो.

वर्णपटात आणखी एक घड्याळ लपलेलं असतं. वायू एकदम तापला तरी अणूंचे इलेक्ट्रॉन एकदम निघून जात नाहीत. त्यासाठी कणांच्या टकरा व्हाव्या लागतात. इथला वायू इतका विरळ आहे, की एका घनसेंटिमीटरमध्ये एखादाच कण सापडतो. त्यामुळे टकरा क्वचित होतात आणि सगळं स्थिरावायला हजारो वर्षं लागतात. अणूंनी आतापर्यंत किती इलेक्ट्रॉन गमावलेत हे पाहिलं, की तरंग तिथून जाऊन किती काळ झाला याचा अंदाज येतो.

वेला: कवचाबाहेर उडालेले तुकडे

जर्मनीच्या पुढाकाराने तयार झालेला रोसॅट हा उपग्रह १ जून १९९० रोजी अवकाशात गेला. त्याने सहा महिन्यांत संपूर्ण आकाशाचा क्ष-किरण नकाशा तयार केला. वेला अवशेष एका चौकटीत पूर्ण दिसला तो या नकाशात.

१९९५ मध्ये बर्न्ड आशेनबाख आणि सहकाऱ्यांनी या नकाशातली एक विचित्र गोष्ट मांडली. वेलाच्या गोल कवचाच्या बाहेर सहा ठिकाणी पाचरीच्या आकाराचे ठिपके होते. पाण्यातून जाणाऱ्या होडीमागे जशी लाट उठते, तसा त्यांचा आकार होता आणि मागे रेघ ओढली तर ती अवशेषाच्या मध्याकडे जात होती. म्हणजे हे स्फोटात उडालेले घट्ट गोळे होते. कवच मंदावलं, पण हे गोळे त्याला भेदून पुढे निघून गेले. त्यांना ए ते एफ अशी नावं देण्यात आली.

पुढे ए नावाच्या तुकड्याचा वर्णपट घेतला तेव्हा त्यात सिलिकॉनचं प्रमाण खूप जास्त निघालं. हे कोड्यात टाकणारं होतं. सिलिकॉन तर ताऱ्याच्या खोल पोटात असतं. मग ते सगळ्यात बाहेर कसं पोहोचलं? २०१७ मध्ये अवशेषाच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या जी या तुकड्यातही सिलिकॉन भरपूर असल्याचं दिसलं. यावरून स्फोट सर्व दिशांना सारखा झाला नसावा, आतला माल दोन विरुद्ध दिशांना झोतासारखा फेकला गेला असावा, असं मत मांडलं गेलं.

तरुण अवशेषांतही असे पुरावे मिळतात. पण तिथे तुकडे अजून गर्दीत असतात. वेलासारख्या जुन्या अवशेषात ते पांगलेले आहेत आणि तो जवळ असल्याने एकेक तुकडा सुटा पाहता येतो. जुनं आणि जवळचं असण्याचा हा मोठा फायदा आहे.

एकाच्या आड लपलेला दुसरा: वेला ज्युनियर

रोसॅटच्या त्याच माहितीत आणखी एक गोष्ट दडलेली होती. आशेनबाख यांनी वेलाच्या चित्रातून कमी ऊर्जेचे क्ष-किरण वगळले आणि फक्त १.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे ठेवले. वेलाचा वायू तुलनेने थंड असल्याने तो जवळजवळ पुसला गेला. मग आग्नेय कोपऱ्यात २ अंश रुंदीचं एक स्वतंत्र वर्तुळ उठून दिसलं. हा दुसराच अवशेष होता. १९९८ मध्ये तो जाहीर झाला आणि त्याला वेला ज्युनियर म्हटलं जाऊ लागलं.

सुरुवातीच्या अंदाजाने खळबळ उडवली. हा अवशेष फक्त ६८० वर्षं जुना आणि ६५० प्रकाशवर्षांच्या आसपास असावा, असं तेव्हा वाटलं. म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इतक्या जवळ एक तारा फुटला आणि जगात कोणी ठळक नोंद केली नाही, हे कसं?

उत्तर मिळायला वेळ लागला. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची नासाची चंद्रा दुर्बीण १९९९ मध्ये अवकाशात गेली. तिने या अवशेषाची एक कड २००३ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये टिपली. दोन चित्रं एकमेकांवर ठेवून कड किती सरकली ते मोजलं. ती अपेक्षेपेक्षा खूप कमी सरकली होती. त्यावरून वय साधारण २,४०० ते ५,१०० वर्षं निघालं आणि अंतरही आधी वाटलं त्यापेक्षा बरंच जास्त असल्याचं स्पष्ट झालं.

ही गोष्ट एका मुख्य अडचणीकडे बोट दाखवते. चित्रात आपल्याला फक्त कोन दिसतो. जवळची छोटी वस्तू आणि लांबची मोठी वस्तू सारखीच दिसते. अंतर चुकलं की आकार चुकतो, आकार चुकला की वय चुकतं. वेलाच्या बाबतीत हे सुटलं ते त्याच्या आतल्या पल्सारमुळे. सेकंदाला ११ वेळा फिरणाऱ्या या न्यूट्रॉन ताऱ्याचं अंतर रेडिओ दुर्बिणींनी थेट मोजता आलं.

इतके अवशेष गेले कुठे?

आपल्या आकाशगंगेत शतकाला साधारण दोन-तीन सुपरनोव्हा होत असावेत. प्रत्येक अवशेष काही दशसहस्र वर्षं दिसू शकतो. हा हिशेब केला तर आज एक हजाराहून जास्त अवशेष दिसायला हवेत. प्रत्यक्षात यादीत आहेत सुमारे ३००.

बाकीचे दिसत नाहीत याची दोन कारणं. लांबचे अवशेष धूळ आणि वायूच्या आड जातात. कमी ऊर्जेचे क्ष-किरण वाटेतला वायू शोषून घेतो, त्यामुळे जुन्या अवशेषांचा मऊ क्ष-किरण प्रकाश मुख्यतः जवळच्यांकडूनच आपल्यापर्यंत पोहोचतो. दुसरीकडे जवळचे जुने अवशेष इतके पसरट आणि मंद असतात, की ते समोर असूनही लक्षात येत नाहीत.

होइंगा याचं उत्तम उदाहरण आहे. जुलै २०१९ मध्ये गेलेल्या इरोझिटा या दुर्बिणीने २०२० च्या मध्यापर्यंत पहिला संपूर्ण नकाशा पूर्ण केला. त्यात व्हेर्नर बेकर आणि सहकाऱ्यांना एक फिकट वर्तुळ दिसलं, पूर्ण चंद्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ९० पट. बेकर यांच्या गावाच्या जुन्या नावावरून त्याला होइंगा म्हणतात. मग जुने रेडिओ नकाशे तपासले तर ते तिथेही होतं. अनेक वर्षं नकाशात असूनही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आकाशगंगेच्या पट्ट्यापासून २४ अंश दूर अशा वस्तू कोणी फारशा शोधत नव्हतं.

अभ्यासातल्या अडचणी कोणत्या?

- आकार फार मोठा: अचूक दुर्बिणींचं दृष्टिक्षेत्र लहान असतं. पूर्ण वेला पाहायचा तर त्यांना शेकडो चित्रं जोडावी लागतील. म्हणून संपूर्ण आकाश पाहणाऱ्या मोहिमा लागतात.
- आसपासचा उजेड: सगळ्या आकाशात क्ष-किरणांचा मंद प्रकाश असतो. सौरवारा वाटेतल्या उदासीन अणूंना भेटला तरी मऊ क्ष-किरण निघतात. हा भाग वजा करावा लागतो.
- उपकरणांच्या मर्यादा: जपानची झ्रिझम दुर्बीण २०२३ मध्ये गेली. तिच्या मुख्य उपकरणावरची एक झडप उघडली नाही, त्यामुळे त्याला १.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचं जवळजवळ दिसत नाही. जुन्या अवशेषांचा प्रकाश नेमका त्याखालीच असतो.
- मोहिमांचं आयुष्य: रोसॅट १९९९ मध्ये बंद झाला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बंगालच्या उपसागरावर वातावरणात शिरून नष्ट झाला. रशियाच्या यानावर बसवलेली जर्मन इरोझिटा फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, सुरक्षित स्थितीत ठेवण्यात आली. तिचे ठरलेले आठ नकाशे पूर्ण झाले नाहीत.

भारताकडे अशी दुर्बीण आहे का?

हो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर मऊ क्ष-किरणांची एक दुर्बीण आहे. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तिचे आरसे म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे. ही दुर्बीण ०.३ ते ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पाहू शकते. तिची मोजमापं तपासायला टायको या तरुण सुपरनोव्हा अवशेषाचा उपयोग झाला, कारण त्याची शिखरं चांगली ओळखीची आहेत.

तिचं दृष्टिक्षेत्र अंशाच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. म्हणजे वेलाची नुसती रुंदी पार करायला १२ चित्रं लागतील. संपूर्ण अवशेषाऐवजी एखादा तुकडा किंवा कड पाहणं हेच अशा दुर्बिणीला शोभणारं काम.

याचा आपल्याशी काय संबंध?

वेला किंवा सिग्नस लूपपासून आपल्याला धोका नाही. जीवसृष्टीला गंभीर इजा होण्यासाठी सुपरनोव्हा काही दशक प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागतो.

पण आपला शेजार अशाच स्फोटांनी घडला आहे. सूर्य सध्या ज्या भागातून जात आहे तो साधारण एक हजार प्रकाशवर्षं रुंद अशा विरळ वायूचा फुगा आहे. त्याला लोकल बबल, म्हणजे स्थानिक बुडबुडा म्हणतात. त्याच्या आतला सुमारे १० लाख अंशांचा वायू मऊ क्ष-किरणांत सगळ्या दिशांना दिसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार गेल्या सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांत साधारण १५ सुपरनोव्हांनी मिळून हा फुगा तयार केला. अनेक अवशेष म्हातारे होऊन एकमेकांत मिसळले की काय होतं, ते आपण आतून पाहत आहोत.

या स्फोटांची खूण पृथ्वीवरही आहे. लोह-६० हा लोहाचा किरणोत्सारी प्रकार मुख्यतः मोठ्या ताऱ्यांत तयार होतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षं आहे, म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळचा सगळा केव्हाच संपला. तरीही प्रशांत महासागराच्या तळावरच्या थरांत, चंद्रावरून आणलेल्या मातीत आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात तो सापडला आहे. महासागरातल्या थरांवरून तो साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणात येऊन पडल्याचं दिसतं. तो ज्या स्फोटांतून आला ते अवशेष आता ओळखू येण्यापलीकडे विरून गेले आहेत.

म्हणूनच आज ओळखू येतील अशा जुन्या, जवळच्या अवशेषांचं महत्त्व मोठं आहे. तरुण अवशेष स्फोटाबद्दल सांगतात. विरून गेलेले फक्त एकूण परिणाम दाखवतात. त्यांच्या मधल्या टप्प्यात ताऱ्याचा माल वायूत कसा मिसळतो, म्हणजे पुढच्या ताऱ्यांना आणि ग्रहांना लागणारा ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह त्यांच्यापर्यंत कसा पोहोचतो, हे फक्त अशा मोजक्या ठिकाणीच दिसतं.

हे आकाशात कुठे शोधायचं?

महाराष्ट्रातून फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळनंतर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. तेजस्वी अगस्ती तारा सहज सापडेल. त्याच्या डावीकडे, थोडा वर असलेला भाग म्हणजे वेला तारकासमूह. अवशेष दिसणार नाही, पण हात लांब करून मूठ धरलीत तर ती जेवढी जागा झाकते, जवळजवळ तेवढा तो पसरलेला आहे.

सिग्नस लूपसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री डोक्यावर हंस तारकासमूह शोधा. शहराच्या दिव्यांपासून लांब, काळ्याभोर आकाशाखाली मध्यम आकाराची दुर्बीण आणि योग्य फिल्टर असेल तर व्हेल तेजोमेघाचे धागे दिसू शकतात. त्या धाग्यांच्या आतली, रिकामी वाटणारी जागा लाखो अंशांच्या वायूने भरलेली आहे.